निळी चड्डी, मोठे खिसे: ‘क्रतेक’ ही जुनी झेक कार्टून मालिका

मी लहान मुलांचे कपडे शिवते. घरातच, पुढच्या खोलीत मशीन आहे. एक बाई मुलाच्या शर्टासाठी लिननचं कापड घेऊन आल्या आणि विचारलं, ‘हे धुतल्यावर आटतं का हो?’ मी सांगितलं, आटतं, कापायच्या आधी पाण्यातून काढून घेईन. मग त्यांनी विचारलं, ‘पण हे बनतं कशापासून?’ मी म्हटलं, जवसापासून. त्या म्हणाल्या, ‘जवसापासून कापड? ते कसं?’ आणि मी गप्प. तीस वर्षं कापड हाताळतेय, पण जवस मला बियांच्या रूपातच माहीत.

रात्री फोनवर शोधायला बसले. कारखान्यांचे व्हिडिओ, परक्या भाषांत बोलणारे शेतकरी, आणि त्या सगळ्यांच्या मध्येच एक काळा, गोल, लाल नाकाचा प्राणी निळी चड्डी घालून उभा. आधी वाटलं उंदीर असेल. माझा मुलगा ओजू, वय चार, शेजारी लोळत होता. त्याने बोट ठेवलं, ‘हे लाव.’ लावलं. त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात दुसरं कार्टून लागलेलं नाही.

तर हा उंदीर नाही. जमिनीखाली बोगदे करून राहणारा, मखमली अंगाचा एक प्राणी आहे. इंग्रजीत त्याला मोल म्हणतात. मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही. फोनमधल्या भाषांतराने ‘तीळ’ असं दिलं आणि आम्ही हसून हसून लोळलो. झेक भाषेत त्याला क्रतेक म्हणतात आणि तेच या कार्टूनमधलं त्याचं नाव. वेगळं नावच ठेवलेलं नाही, म्हणजे आपण गोष्टीत ‘ससोबा’ न म्हणता नुसतं ‘ससा’ म्हणावं तसं. झेकमध्ये क आणि त यांच्या मध्ये स्वर नाही, नुसता र घोळवायचा. ओजू त्याला ‘कत्तेक’ म्हणतो. तेही चालतं.

पहिला भाग 1957 सालचा. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, प्रागच्या स्टुडिओत तो बनला. करणारा माणूस झ्देनेक मिलर, चित्रकार, जन्म 1921 चा. त्याला काम मिळालं होतं की मुलांना लिनन कसं बनतं ते समजावणारी फिल्म कर. आता असलं काम म्हणजे काय होतं आपल्याला माहीत आहे: पाठ्यपुस्तकासारखा आवाज, एक रोप, एक बाण, एक कारखाना. मिलरला गोष्ट हवी होती आणि गोष्टीला नायक हवा होता. तोही असा प्राणी, जो डिस्नेने आधी वापरलेला नाही. विचार करत फिरायला गेला असताना त्याचा पाय मातीच्या ढिगाला अडखळला. तो ढीग याच प्राण्याने उकरलेला. झालं, नायक मिळाला.

गोष्ट अशी. क्रतेकला आपल्या वस्तू ठेवायला खिसे हवेत. वाळत घातलेली एक चड्डी त्याला दिसते, मोठ्या खिशांची, आणि तो हट्टाला पेटतो. नदीतल्या खेकड्यासारख्या प्राण्याकडे जातो, ज्याच्या नांग्या म्हणजे कात्र्या. तो म्हणतो, कापून देईन, पण कापड आण. बोरूच्या बेटात राहणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याकडे जातो. तो शिवून द्यायला तयार आहे, पण कापलेलं कापड आण. इथे मी मोठ्याने हसले, कारण हे माझ्या दारात आठवड्यातून एकदा घडतं. माणूस उभा राहतो आणि म्हणतो, ‘एक फ्रॉक हवाय.’ कापड? ‘ते आणायचंय.’ माप? ‘मुलगी आजीकडे गेलीये.’

मग जवसाचं रोप त्याला वाट दाखवतं. आधी माझी निगा राख, तण काढ, पाणी घाल. रोपाला निळी फुलं येतात. नंतर ते उपटायचं, पाण्यात भिजवायचं. करकोचा चोचीने काड्या मोडतो. साळूसारखा काटेरी छोटा प्राणी, इंग्रजीत हेजहॉग म्हणतात तो, पाठीवरच्या काट्यांनी ते तंतू विंचरून देतो. कोळी सूत काततात. रानातल्या निळ्या फळांनी सूत रंगतं. मुंग्या विणतात. मग कात्रीवाला कापतो, पक्षी शिवतो. पंधरा मिनिटांच्या आत चड्डी तयार.

मी मशीनवरून उठून पुन्हा लावलं आणि मग खऱ्या कारखान्याचा व्हिडिओ शेजारी ठेवून ताडून पाहिलं. एकही पायरी चुकलेली नाही! जवस कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण तंतू जितका लांब तितकं चांगलं. पाण्यात भिजवतात कारण तंतूंना काडीशी धरून ठेवणारा चिकट भाग कुजून सुटायला हवा. मग काड्या मोडायच्या, भुसा झाडायचा, आणि तंतू विंचरायचे. विंचरायची फणी पाहिली तर फळीवर लोखंडी काटे उभे. म्हणजे तो काटेरी प्राणी मिलरने गंमत म्हणून घातलेला नाही. फणीकडे पाहिलं आणि त्याला प्राणी दिसला. तसंच सगळं. कोळ्यांनी कातायचं, मुंग्यांनी रांगेने ये-जा करत विणायचं. विणणं म्हणजे तरी दुसरं काय, उभ्या धाग्यांमधून आडव्याने ये-जा करणं. आणि शिवायला पक्षी. आपल्याकडे तर शिंपी पक्षीच आहे, पानं शिवून घरटं करणारा, त्यामुळे ओजूला ते पटवून द्यावं लागलं नाही.

त्या बाईंना दुसऱ्या दिवशी मी लिननची सगळी माहिती दिली. कुठून कळलं ते सांगितलं नाही.

आता खरा परीक्षक. माझे वडील, आबा. पंचाहत्तर पार केलेले, आयुष्यभर शिंपीकाम केलेले, आता ऐकायला जवळपास येत नाही. कानाचं मशीन आहे, ते कपाटात असतं. टीव्हीसमोर बसले की पाच मिनिटांत ‘काय म्हणतोय हा?’ असं विचारतात आणि आम्ही ओरडून सांगेपर्यंत पुढचा प्रसंग झालेला असतो. म्हणून ते हल्ली टीव्हीसमोर बसतच नाहीत. त्या दिवशी ओजूने हात धरून बसवलं.

पहिल्या भागात थोडं बोलणं आहे, झेकमध्ये. त्यातलं मलाही कळत नव्हतं आणि ओजूलाही नाही, त्यामुळे तिघेही एका पातळीवर. आबा चष्मा पुसून पुढे सरकले. कात्रीवाला आणि पक्षी वेगवेगळे पाहून म्हणाले, ‘बरोबर आहे. कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा. आमच्या मास्तरांनी कधी मशीनला हात लावला नाही.’ मग निळ्या फळांकडे बघून मान हलवली. ‘फळाचा रंग. पहिल्या धुण्यात उतरणार.’

या एका वाक्याने पुढे मोठी भानगड सोडवली, कारण दुसऱ्या भागापासून क्रतेकच्या अंगावर चड्डी नाही! एवढी पंधरा मिनिटं रान पालथं घालून मिळवलेली चड्डी आणि पुढच्या भागात साहेब उघडे. ओजू हादरला. ‘आई, त्याची चड्डी कुठे गेली?’ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हा प्रश्न. मी म्हटलं, गरम होत असेल. पटलं नाही. आबांना हातवारे करून विचारलं, तर ते म्हणाले, ‘रंग उतरला असणार. म्हणून घालत नाही.’ तेव्हापासून आमच्या घरात हेच अधिकृत उत्तर आहे.

खरं म्हणजे दुसरा भाग 1963 साली आला, तब्बल सहा वर्षांनी. एकच फिल्म करायची होती, ती झाली, व्हेनिसच्या महोत्सवात तिला बक्षीसही मिळालं, आणि मग केव्हातरी मिलर पुन्हा या प्राण्याकडे वळला. वळला तेव्हा त्याने दोन गोष्टी काढून टाकल्या: चड्डी आणि भाषा. चड्डीचं कारण आबांनी सांगितलंच आहे. भाषेचं कारण असं की जगात कुठल्याही मुलाला कळायला हवं. तिथून पुढे क्रतेक हसतो, दचकतो, उसासा टाकतो, पण वाक्य बोलत नाही. हे आवाज मिलरच्या स्वतःच्या लहान मुलींचे आहेत. ते ऐकताना जाणवतं. मोठ्या माणसाने काढलेला ‘गोड’ आवाज आणि खऱ्या मुलाचं खिदळणं यांतला फरक लपत नाही. हल्लीच्या कार्टूनमध्ये सगळेच प्राणी एका पट्टीत किंचाळतात, त्यानंतर हे म्हणजे कानाला विसावा.

आणि इथेच या मालिकेत मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. पडद्यावर कुणी बोलत नाही म्हणून आमच्या घरात सगळे बोलतात. एरवी कार्टून लावलं की ओजू तोंड उघडं ठेवून पुतळा होतो. इथे तो आबांना सांगत असतो, ‘आता तो वर येणार, बघा.’ आबांना ऐकू येत नाही, पण बोट दिसतं. आबा स्वतःची गोष्ट सांगत असतात, जी पडद्यावरच्या गोष्टीशी अर्धीच जुळते. एका भागात क्रतेकला ट्रान्झिस्टर सापडतो आणि तो मोठ्याने लावून सगळ्या रानाला बेजार करतो. आबांनी त्यावर त्यांच्या दुकानातल्या रेडिओची अख्खी हकीकत लावली. एरवी ‘काय म्हणतोय हा’ विचारणारा माणूस आता आम्हालाच सांगतोय की काय चाललंय. घरात ऐकू कमी येणारं कुणी असेल, तर पुढचं वाचू नका, आधी ही मालिका लावा.

भाग किती? 1957 ते 2002 या काळात मिळून पन्नासच्या आसपास. बहुतेक पाच-सहा मिनिटांचे, काही अर्ध्या तासाजवळ जाणारे. कुठूनही सुरू केलं तरी चालतं. सुरुवातीचं संगीत मिलोश वात्सेक यांचं, पुढे वादिम पेत्रोव यांचं. माणसं बोलत नसल्यामुळे सगळा भार त्यावर आहे आणि ते तो सहज पेलतं. आबांना मात्र त्यातलं काहीच मिळत नाही. तरी ते बोटांनी ताल धरतात, कारण क्रतेकची चालच तालात आहे.

भागांची मांडणी जवळपास ठरलेली: रानात माणसांच्या जगातली एक वस्तू येते आणि क्रतेक तिच्यामागे लागतो. गाड्या पाहिल्या की गाडी हवी. रॉकेट मिळालं की बसला, उडाला, आणि जाऊन पडला एका बेटावर. सहलीला आलेल्या लोकांनी टाकलेलं च्युइंगगम अंगाला चिकटतं आणि सगळं रान ते सोडवायला येतं. ओजूने हा एकच भाग सलग चार वेळा पाहिला. चौथ्या वेळीही त्याला शंका होती की सुटेल की नाही. रंगांचाही एक भाग आहे, कोल्ह्याला घाबरवण्यासाठी सगळे प्राणी स्वतःला चित्रविचित्र रंगवून घेतात. त्यात ठिपके, पट्टे, चौकडी असं काही सुरेख कापड दिसतं, म्हणजे कापड नव्हे, प्राणीच, पण माझा हात नमुना उतरवून घ्यायला वहीकडे गेला. त्या काळी हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर हाताने रंगवलेलं. मागची पानं, फुलं, गवत नीट थांबून पाहा. फुलांचे आकार अगदी साधे आहेत, कापडावर छापावेत तसे.

एक कारागिरीची गंमत सांगते, हवं तर वगळा. मखमल कापताना लव कुठल्या दिशेला झुकते ते पाहावं लागतं. एक तुकडा उलटा लागला तर फ्रॉकचा अर्धा भाग गडद आणि अर्धा फिका दिसतो. या खऱ्या प्राण्याच्या अंगावरची लव मात्र कुठल्याही दिशेला झुकते. अरुंद बोगद्यात पुढेही जाता आलं पाहिजे आणि मागेही, म्हणून. मोलस्किन नावाचं एक जाड सुती कापड मिळतं, ते नाव यावरूनच. हे कळल्यापासून मी क्रतेककडे जरा आदराने बघते.

आता न आवडलेलं. सगळे भाग सारखे नाहीत. सत्तरच्या दशकातले काही भाग एकमेकांत मिसळून जातात. वस्तू बदलते, गोष्ट तीच. नंतरचे लांब भाग काही ठिकाणी रेंगाळतात आणि चार वर्षांचं मूल तेवढा वेळ बसत नाही. मिलर 2011 साली गेला. त्यानंतर 2016 मध्ये पांडाला सोबत घेऊन चीनच्या भागीदारीत एक नवी मालिका आली. आम्ही एक भाग लावला, ओजू म्हणाला, ‘हा तो नाही.’ बंद केला.

शिवाय कॉपी कुठली मिळते यावर बरंच अवलंबून आहे. काहींचे रंग उडालेले, काहींच्या कडा कापलेल्या, एकात तर कुणीतरी स्वतःचं संगीत घुसवलेलं. सुरुवातीलाच मागचं गवत हिरवं दिसतंय ना ते बघायचं, पिवळट असेल तर दुसरी शोधायची.

दोन भागांबद्दल आईबापांना आधी सांगून ठेवते. एक, उशिराच्या भागांपैकी एकात सशिणीला पिल्लं होतात आणि ते पडद्यावर दाखवलंय. लपवाछपवी नाही, भीतीही नाही. मी क्षणभर रिमोट शोधला, मग म्हटलं राहू दे. ओजूने विचारलं, ‘मी पण असाच आलो?’ मी म्हटलं, साधारण. आबांनी खिडकीबाहेर बघितलं.

दुसरा 1982 सालचा, क्रतेक शहरात जातो तो. हा सगळ्या मालिकेतला सर्वांत चांगला भाग आहे आणि चार वर्षांच्या मुलासाठी नाही. यंत्रं येतात, रान तोडतात, तिथे शहर उभं राहतं. क्रतेक, ससा आणि तो काटेरी मित्र बेघर. मग त्यांना राहायला खोली मिळते आणि खोलीत खोटं, प्लास्टिकचं रान. कुणी दुष्ट नाही यात. देणाऱ्याला वाटतंय आपण सोय केली. शब्द नाहीत म्हणून ते जास्त लागतं. कुणी बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. चेकोस्लोव्हाकियात त्या काळात, कम्युनिस्ट राजवटीत, असं काही मुलांच्या कार्टूनमध्ये करून दाखवणं सोपं नसणार. ओजूला मी तो अर्ध्यावर बंद करून झोपवलं आणि उरलेला एकटीने पाहिला.

झेक लोकांना यातलं काहीच नवीन नाही. त्यांच्याकडे हा घराघरात आहे. जर्मनीतही मुलांच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात तो वर्षानुवर्षं लागायचा. 2011 मध्ये तर अँड्र्यू फ्यूस्टेल नावाच्या अमेरिकन अंतराळवीराने, ज्याच्या बायकोचं मूळ तिकडचं, क्रतेकचं कापडी बाहुलं एन्डेव्हर यानातून अंतराळात नेलं. आमच्या ओळखीत मात्र एकालाही माहीत नव्हता. मी ज्या ज्या आयांना दाखवला त्या आधी म्हणाल्या, ‘उंदीर आहे का?’

कुणासाठी? तीन ते सात वर्षं. आणि सत्तरच्या पुढचे. मधल्यांनी पहिला भाग आणि शहराचा भाग बघावा, बाकी आवडलं तर.

साहजिकच निळ्या चड्डीची मागणी आली. लिननचा तुकडा त्या बाईंच्या शर्टातून उरला होता, त्यांना विचारून घेतला. निळा रंग बाजारचा वापरला, फळाचा नाही. खांद्यावरून पट्टे, पुढे दोन खिसे. ओजूने खिसे तीनदा बदलायला लावले, दर वेळी ‘अजून मोठे’. शेवटी ते गुडघ्यापर्यंत आले. आबांनी तयार चड्डी हातात घेतली, उलटी केली, शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, किती ठेवलीय ते बोटाने चाचपलं, मग खिशात स्वतःचा हात घालून खाली ओढून पाहिलं.

‘याच्यात हा दगड भरणार,’ ते म्हणाले. ‘कोपऱ्यांना दुहेरी टाका मार.’